घरच्या नॅसवर स्नॅपशॉटमधून डेटा परत कसा आणायचा: रोलबॅक सगळ्यात शेवटी

घरच्या नॅसवरचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या छोट्या सर्व्हरवरचा, एखादा फोल्डर दिसेनासा झाला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा रोलबॅकच्या (सगळा डेटा जुन्या क्षणावर मागे नेण्याच्या) बटणाकडे जातो. तो आवरा. स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी डेटा होता तशी गोठवलेली प्रत. ही जुनी प्रत सर्व्हरवरच असते, तिच्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नाही, आणि तिच्यातून हवी तेवढीच फाइल उचलून आणता येते. रोलबॅकला अशी निवड करता येत नाही. ६ सप्टेंबरच्या स्नॅपशॉटवर मागे गेलात, तर ७ तारखेला घरातल्या प्रत्येकाच्या फोनवरून चढलेले विसर्जन मिरवणुकीचे व्हिडिओही गेलेच म्हणून समजा.

खालची माहिती मुख्यतः ट्रूनॅस ही नॅसची प्रणाली आणि तिच्या पोटातली झेडएफएस ही फाइल साठवण्याची व्यवस्था यांबद्दल आहे. सिनॉलॉजी कंपनीचं नॅस असलेल्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे, आणि 'टँक' व 'फोटो' यांच्या जागी आपापल्या पूलचं (डिस्कांच्या एकत्रित साठ्याचं) आणि डेटासेटचं (त्यातल्या स्वतंत्र कप्प्याचं) नाव घालायचं.

आधी खात्री, मग कुलूप

फाइल खरंच उडाली आहे का ते बघा. विंडोजमध्ये माउस जरा निसटला की फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन बसतो आणि घरभर बोंब होते की डेटा गेला. वरच्या पातळीवरून एकदा नावानं शोध घ्या. शेअरला (नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरला) रीसायकल बिन चालू असेल तर तिथे डोकावा. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

खरंच उडाली असेल तर पुढचा शत्रू म्हणजे मुदत. ट्रूनॅसमध्ये ठरावीक वेळेच्या स्नॅपशॉटचं आयुष्य मुळातच २ आठवडे ठेवलेलं असतं, आणि बहुतेक जण ते बदलत नाहीत. फोटो तेरा दिवसांपूर्वी गेले असतील आणि तुम्ही 'रविवारी निवांत बघू' म्हणालात, तर रविवारी तो स्नॅपशॉट नसेल. म्हणून हवासा वाटणारा प्रत्येक स्नॅपशॉट आधी अडकवून ठेवा:

झेडएफएस होल्ड जपून टँक/फोटो@ऑटो-२०२५-०९-०६_००-००

यातलं 'जपून' हे फक्त खुणेचं नाव, काहीही चालतं. होल्ड लावलेला स्नॅपशॉट मुदत संपली तरी पुसला जात नाही, आणि हातानं पुसायला गेलात तरी नकार मिळतो. नव्या आवृत्त्यांत हेच काम स्नॅपशॉटच्या तपशिलातल्या होल्डच्या खुणेनं होतं.

दुसऱ्या डब्यावर, म्हणजे दुसऱ्या नॅसवर, रेप्लिकेशन (आपोआप प्रत पाठवणं) चालू असेल तर तेही थांबवा. नाहीतर इथला गोंधळ इमानेइतबारे तिथेही पोचतो.

आणि झेडपूल स्टेटस हा आदेश चालवून पूलची तब्येत एकदा बघून घ्या. पूल 'ऑनलाइन' असेल, रीड, राइट आणि चेकसमच्या रकान्यांत शून्य असतील तर पुढे जा. डिस्कच खोकत असेल तर स्नॅपशॉट काही कामाचा नाही. तोही त्याच डिस्कवर बसलेला आहे. अशा वेळी पहिलं काम म्हणजे महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवणं. घरात रिकामी डिस्क नसेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक फेरी मारा, पण डिस्क न बदलता त्याच पूलवर तासन्‌तास कॉपी लावू नका.

नेमका कोणता स्नॅपशॉट

यादी अशी काढा:

झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट -ओ नेम,क्रिएशन,यूज्ड,रेफर,रिटन -आर टँक/फोटो

नावातल्या वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ट्रूनॅस नवीन बसवल्यावर त्याचा टाइम झोन अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा असतो. तो कधी बदलला नसेल तर पुण्यातली सकाळ तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ दिसते: उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. सिस्टिम सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता आहे का ते आधी तपासा. कुठे जागतिक वेळ (यूटीसी) दिसत असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवा. '१८-३०' नावाचा स्नॅपशॉट म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र.

आता रकाने. 'यूज्ड' शून्य दिसलं म्हणजे स्नॅपशॉट रिकामा असा अर्थ नाही. त्या एकट्यानंच धरून ठेवलेली जागा किती, एवढंच तो सांगतो. डेटाचा तोच तुकडा (ब्लॉक) शेजारच्या स्नॅपशॉटातही असेल तर तो कुणाच्याच नावावर लागत नाही. 'रेफर' म्हणजे त्या क्षणी डेटासेटमध्ये एकूण किती डेटा होता. हा आकडा ज्या ओळीत एकदम खाली आला, त्याच्या आदल्या ओळीत तुमचे फोटो आहेत. 'रिटन' म्हणजे मागच्या स्नॅपशॉटपासून नव्यानं किती लिहिलं गेलं. रोज ५०० एमबी भरणाऱ्या डेटासेटवर एका रात्रीत ३०० जीबी लिहिलेलं दिसलं आणि रेफर मात्र तेवढाच राहिला, तर जुन्या फाइलींवर कुणीतरी सरसकट फिरून लिहिलं आहे. खंडणीखोर व्हायरसची हीच चाल असते. मग तो संगणक आधी नेटवर्कवरून काढा, केबलसकट, आणि तो साफ झाल्याशिवाय एकही फाइल शेअरवर परत आणू नका.

दोन स्नॅपशॉटमध्ये काय बदललं हे झेडएफएस डिफ सांगतं. आदेशाला आधी जुनं नाव द्यायचं, मग नवं. ओळीच्या सुरुवातीला वजा चिन्ह असेल तर फाइल उडाली, अधिक असेल तर नवी आली, एम म्हणजे बदलली, आर म्हणजे नाव किंवा जागा बदलली. घरातल्या 'कुणी उडवलं' या वादाचा निकाल लावायला आर फार उपयोगी. निम्म्या वेळा फोल्डर उडालेला नसतो, कुणीतरी त्याचं नाव बदललेलं असतं.

कॉपी करून आणणं

विंडोजवर सगळ्यात सोपं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. फाइलच उडाली असेल तर ती ज्या फोल्डरात होती त्या फोल्डरावर हे करा. यादीत तारीख निवडून 'ओपन' दाबा, 'रिस्टोर' नको. ओपननं जुना फोल्डर वेगळ्या खिडकीत उघडतो. त्यातून हवं ते डेस्कटॉपवर ओढा, उघडून बघा, मग जागेवर ठेवा. फोल्डरावर रिस्टोर दाबलं तर त्याच नावाच्या आजच्या फाइलींवर जुन्या येऊन बसतात. यादी रिकामी असेल तर शेअरच्या प्रगत पर्यायांत शॅडो कॉपी चालू आहे का ते बघा.

फोटोंचा हजारोंचा ढीग असेल तर मात्र सर्व्हरवरच काम करा. प्रत्येक डेटासेटच्या मुळाशी '.झेडएफएस' नावाची लपलेली डिरेक्टरी असते. ती यादीत दिसत नाही, पण सीडी करून थेट आत जाता येतं: /एमएनटी/टँक/फोटो/.झेडएफएस/स्नॅपशॉट. आत प्रत्येक स्नॅपशॉटचा एकेक फोल्डर. एकच फाइल कोणकोणत्या दिवशी होती हे बघायचं तर स्नॅपशॉटच्या नावाच्या जागी तारांकन टाकून एलएस -एल चालवा; आकार आणि तारखा एकाखाली एक येतात, आणि आकार कुठे बदलला ते लगेच दिसतं.

आणायला सीपी हा साधा कॉपीचा आदेश नको, आरसिंक वापरा:

आरसिंक --आर्काइव्ह --व्हर्बोज --इग्नोअर-एक्झिस्टिंग --ड्राय-रन (जुना फोल्डर)/ (आजचा फोल्डर)/

पहिल्यांदा ड्राय-रन ठेवायचंच. काय काय येणार याची फक्त यादी येते, प्रत्यक्ष काही हलत नाही. यादी पटली की तेवढा शब्द काढून पुन्हा चालवा. इग्नोअर-एक्झिस्टिंगमुळे जे नाही तेवढंच येतं, आजच्या फाइलींना धक्का लागत नाही. शेवटची तिरकी रेघ दोन्हीकडे द्या; पहिल्या मार्गाची रेघ विसरली तर 'फोटो'च्या आत आणखी एक 'फोटो' तयार होतो. '--डिलीट' हा पर्याय या कामात कुठेही येता कामा नये.

सीपी का नको? वीज. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची शक्यता धरूनच चालावं लागतं, आणि इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर बदलाच्या त्या क्षणात सर्व्हर बंद पडतो. झेडएफएसला त्यानं काही होत नाही, पण सीपी अर्धवट फाइल मागे ठेवतं आणि ती पूर्ण फाइलसारखीच दिसते. आरसिंक आधी तात्पुरत्या नावानं लिहितं, फाइल पूर्ण झाली की मगच खरं नाव देतं. वीज आल्यावर तोच आदेश पुन्हा चालवा, उरलेलं येतं. आदेश टीमक्समध्ये (टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवलात तर लॅपटॉप मिटला तरी काम चालू राहील. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर वेळेचा हिशेब मांडून ठेवा: गिगाबिट केबलवर सेकंदाला फार तर ११० एमबी, म्हणजे १ टीबीला अडीच तास. वायफायवर हा उद्योग करू नका.

नावं मराठीत असतील तर दोन गोष्टी सांभाळा. 'पायऱ्या', 'खऱ्या', 'गोऱ्हे' यांतला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी नावं. त्यामुळे नाव टाइप करून शोधलं की 'सापडलं नाही' येतं आणि फाइल तर समोर असते. अशा जागी ऱ टाइपच करू नका, तारांकन टाका. दुसरं, नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो. काना, मात्रा, हलन्त हेही वर्णच. म्हणजे हातात जेमतेम ८५ वर्ण. आधीच लांबलचक नाव असलेल्या फाइलीला 'जुनी प्रत' असं शेपूट जोडायला गेलात की चूक येते.

फोल्डर आहे, पण आत काहीच नाही

ही तक्रार हमखास येते. 'टँक/घर'च्या स्नॅपशॉटमध्ये गेलात, 'फोटो' फोल्डर दिसतो, उघडला तर रिकामा. डेटा गेलेला नाही. 'फोटो' हा साधा फोल्डर नसून वेगळा डेटासेट आहे, आणि प्रत्येक डेटासेटचे स्नॅपशॉट त्याच्या त्याच्या '.झेडएफएस'मध्ये असतात. 'टँक/घर/फोटो'च्या मुळाशी जाऊन बघा. तिथेही काही नसेल तर स्नॅपशॉटचं काम लावताना 'रिकर्सिव्ह'ची खूण राहिली असणार. मग त्या डेटासेटचा स्नॅपशॉट कधी निघालाच नाही, आणि दुसऱ्या बॅकअपशिवाय इलाज नाही.

टॅली, इमिच आणि डेटाबेस

चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरलं असतं ते. बहुतेक डेटाबेस त्यातून सावरतात, पण एक अट आहे: सगळ्या फाइली एकाच क्षणाच्या हव्यात. टॅलीच्या कंपनीचा आकडी नावाचा आख्खा फोल्डर आणा, त्यातली एखादीच फाइल नाही. सगळ्या संगणकांवर टॅली बंद करा, फोल्डर वेगळ्या जागी ठेवा, तिथून कंपनी उघडून शेवटची व्हाउचर तपासा, आणि मगच जुन्याच्या जागी बसवा. सोसायटीचे हिशेब असतील तर हे करताना खजिनदारांना बाजूला बसवा. कोणती नोंद शेवटची ते त्यांनाच माहीत.

इमिच या फोटो ठेवायच्या ॲपमध्ये उडालेले फोटो आधी ॲपच्या ट्रॅशमध्ये शोधा, तिथे ते सहसा ३० दिवस राहतात. ट्रॅशही रिकामा असेल तर स्नॅपशॉटमधल्या फाइली इमिचच्या स्वतःच्या फोल्डरात परत टाकून उपयोग होत नाही. डेटाबेसमध्ये नोंद नसल्यामुळे ॲपला त्या दिसत नाहीत. फाइली थोड्या असतील तर ॲपमधूनच नव्यानं चढवा. सगळंच गेलं असेल तर ॲप थांबवून फोटो आणि डेटाबेस दोन्ही एकाच वेळच्या स्नॅपशॉटमधून आणा.

जागा पुरत नसेल तेव्हा

समजा १.५ टीबीचे फोटो उडाले आणि पूलमध्ये ८०० जीबी मोकळे आहेत. उडालेल्या फोटोंनी जागा सोडलेली नाही, स्नॅपशॉटनं ती धरून ठेवली आहे. वर तेच फोटो कॉपी करायचे तर पुन्हा तेवढीच जागा लागणार. इथे लोक जुने स्नॅपशॉट पुसून जागा करायला जातात आणि नेमका हवा तोच पुसून बसतात.

अशा वेळी रोलबॅक सुचणं साहजिक आहे, पण त्यातली गोम लक्षात घ्या. झेडएफएस फक्त सगळ्यात ताज्या स्नॅपशॉटवर मागे जातं. त्याआधीच्या स्नॅपशॉटवर जायचं तर आदेशाला लहान आर जोडावा लागतो, आणि तो मधले सगळे स्नॅपशॉट कायमचे पुसतो. 'आधी आजचा एक स्नॅपशॉट काढून ठेवतो, मग रोलबॅक करतो' ही खबरदारी इथे चालत नाही; तो आजचा स्नॅपशॉटही त्यातच जातो. कॅपिटल आर तर त्या मधल्या स्नॅपशॉटवर उभे असलेले क्लोनही (स्नॅपशॉटवरून केलेले लिहिण्याजोगे डेटासेटही) पाडतो. शिवाय खालचे डेटासेट मागे जातच नाहीत, ते एकेक करून न्यावे लागतात.

त्यापेक्षा क्लोन करा. क्लोन क्षणात तयार होतो, सुरुवातीला जवळपास काहीच जागा घेत नाही आणि त्यात लिहिताही येतं:

झेडएफएस क्लोन टँक/फोटो@ऑटो-२०२५-०९-०६_००-०० टँक/फोटो-परत

हा क्लोन शेअर करून घरच्यांना दाखवा. सगळं आहे अशी खात्री झाली की ६ तारखेनंतरच्या नव्या फाइली आजच्या डेटासेटमधून क्लोनमध्ये आणा. त्या थोड्याच असतात, जागा पुरते. मग शेअर आणि ॲप थांबवा, झेडएफएस प्रमोट टँक/फोटो-परत चालवा, आणि झेडएफएस रीनेमनं अदलाबदल करा: 'फोटो'चा 'फोटो-जुना', 'फोटो-परत'चा 'फोटो'. मार्ग तोच राहतो, त्यामुळे शेअरची जोडणी तुटत नाही. प्रमोट केल्यावर ६ तारखेपर्यंतचे स्नॅपशॉट नव्या डेटासेटच्या नावावर जातात, नंतरचे जुन्याकडे राहतात. काहीच नष्ट होत नाही. प्रमोट विसरलात तर क्लोन त्या स्नॅपशॉटवरच उभा राहतो आणि पुढे कधी जुना डेटासेट पुसायला गेलात की सिस्टिम अडवते.

एक मात्र तपासा: क्लोन आपले गुणधर्म वरच्या डेटासेटकडून घेतो, मूळ डेटासेटकडून नाही. कोटा, रेकॉर्डसाइझ आणि एसीएलचा (कुणाला काय उघडता येईल याच्या नियमांचा) प्रकार जुन्याशी ताडून बघा. 'फोटो दिसतात पण उघडत नाहीत' या तक्रारीचं मूळ बहुधा एसीएलमध्येच असतं.

मग रोलबॅक कधी? डेटासेटमध्ये दुसऱ्या कुणाचं काही नसेल आणि स्नॅपशॉट आत्ताच काढलेला असेल तेव्हा. ॲप अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट घेतला, अपडेट फसलं, दहा मिनिटांत मागे गेलो: यासाठी तो उत्तम आहे.

सिनॉलॉजी

इथे झेडएफएसच्या जागी खाली बीटीआरएफएस असतं आणि स्नॅपशॉट एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे मागे गेलं तरी नंतरचे पुसले जात नाहीत. स्नॅपशॉट रेप्लिकेशन हे पॅकेज उघडा. हवा तो स्नॅपशॉट आधी लॉक करा. शेअर्ड फोल्डरच्या सेटिंगमध्ये स्नॅपशॉट दृश्य करण्याचा पर्याय चालू केला की फोल्डरात '#स्नॅपशॉट' दिसू लागतो. फाइल स्टेशन या सिनॉलॉजीच्या ॲपमधून थेट कॉपी करा. 'रिकव्हरी'त गेलात तर पूर्ण फोल्डर मागे नेणं किंवा क्लोन करणं असे पर्याय मिळतात. क्लोन निवडा. पूर्ण मागे न्यायचंच असेल तर आधी स्नॅपशॉट घेण्याची खूण काढू नका.

काम आवरताना

कॉपी झाल्यावर तोच आरसिंक आदेश इग्नोअर-एक्झिस्टिंग काढून, --चेकसम आणि --ड्राय-रन लावून चालवा. प्रत्येक फाइल दोन्हीकडे पूर्ण वाचली जाते, त्यामुळे वेळ लागतो. जी नावं छापली जातील त्या फाइली जुन्या प्रतीपेक्षा वेगळ्या आहेत. त्यातली मधल्या काळात कुणी मुद्दाम बदललेली सोडून बाकीच्या उघडून बघा. व्हिडिओ मधूनच चालवून बघा, फक्त लघुचित्रावर जाऊ नका.

ज्याचे फोटो होते त्यानं 'सगळं आलं' म्हटल्यावरही होल्ड आठवडाभर राहू द्या. गहाळ झालेली एखादी फाइल नेहमी चौथ्या-पाचव्या दिवशी आठवते. त्यानंतर झेडएफएस रिलीज जपून, पुढे स्नॅपशॉटचं नाव. अदलाबदल केली असेल तर तो स्नॅपशॉट आता नव्या 'फोटो'च्या नावावर आहे आणि 'फोटो-जुना' त्याच्यावर उभा आहे. तो स्नॅपशॉट पुसायचा तर आधी 'फोटो-जुना' आणि त्याचे स्नॅपशॉट पुसा. थांबवलेलं रेप्लिकेशन चालू करा आणि पहिली फेरी समोर बसून बघा. रोलबॅक किंवा अदलाबदल केली असेल तर समोरच्या डब्यावर इथे नसलेले ताजे स्नॅपशॉट असतील आणि काम अडेल. तिथे 'सुरुवातीपासून' असा पर्याय निवडण्याआधी त्या डब्यावरच्या स्नॅपशॉटनाही होल्ड लावून घ्या, कारण त्या घडीला ६ तारखेनंतरची दुसरी प्रत फक्त तिथेच उरलेली असू शकते.